जुना अहवाल सापडला, पण त्यातला आकडा कुठला? या चुका टाळा

लातूर परिसरातल्या शेतकरी उत्पादक कंपन्या आणि डाळमिलांसाठी प्रकल्प अहवाल नि बँकेला लागणारं आर्थिक विश्लेषण तयार करणं हे माझं रोजचं काम. गेल्या वर्षी एका कंपनीच्या सीसी लिमिटच्या (खेळत्या भांडवलासाठीच्या कॅश क्रेडिट कर्जमर्यादेच्या) नूतनीकरणाला बँकेत गेलो होतो. साहेबांनी फाइलीतला जुना कागद काढला.

"यात मार्चअखेरचा करंट रेशो १.३८ आहे. आज तुम्ही दिलेल्या कागदात त्याच मार्चअखेरचा १.२५. धरायचा कुठला?"

करंट रेशो म्हणजे चालू मालमत्ता भागिले चालू देणी. लॅपटॉपमध्ये दोन्ही फाइली लगेच सापडल्या. एकीचं नाव 'फायनल', दुसरीचं 'फायनल नवीन'. पण दोन्हींतला फरक कशामुळे पडला, हे फाइलींत कुठंच लिहिलेलं नव्हतं. शेजारी बसलेले कंपनीचे अध्यक्ष माझ्याकडे बघत राहिले.

रात्री आडतीच्या पट्ट्या, म्हणजे खरेदीच्या पावत्या, काढून बसलो तेव्हा उलगडा झाला. मार्चअखेर गोदामात १,५०० क्विंटल सोयाबीन होतं. एका फाइलीत ते पट्ट्यांवरून निघालेल्या सरासरी ४,२५० रुपयांनी धरलेलं, म्हणजे ६३.७५ लाख. दुसरीत २०२४-२५ च्या हमीभावानं, ४,८९२ रुपयांनी, म्हणजे ७३.३८ लाख. बाकीची चालू मालमत्ता ३० लाख आणि चालू देणी ७५ लाख दोन्हींत सारखीच. खेळत्या भांडवलासाठी बँका वर्षानुवर्षं १.३३ चा करंट रेशो बघत आल्यात. त्या रेषेच्या एक आकडा वर, एक खाली, आणि कारण फक्त साठ्याचा दर. साठा खरेदी खर्च किंवा विकून निव्वळ हाती येणारी किंमत, यांतल्या कमी रकमेनं धरायचा असतो. त्यामुळे हमीभावाची फाइल मुळातच चुकीची होती. अहवालात दराशेजारी एक ओळ असती, तर बँकेत बसल्या जागी सांगता आलं असतं.

'फायनल' हे नाव

फाइलीचं नाव मार्चअखेरच्या तारखेनं सुरू करा, आणि वर्ष आधी लिहा: २०२५-०३-३१, मग कंपनीचं नाव, कागदाचा प्रकार, 'तात्पुरता' की 'ऑडिट झालेला', शेवटी आवृत्तीचा क्रमांक. वर्ष आधी असलं की यादी आपोआप क्रमानं लागते. 'बँकेला दिलेला' हे शब्द जिथं खरे असतील तिथंच टाका. बँकेला गेलेल्या प्रतीत नंतर एक अक्षरही बदलू नका. बदल करायचा तर नवी आवृत्ती करा.

अहवालावरची तारीख रोज बदलते

हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय. एक्सेलमध्ये वरच्या कोपऱ्यात 'टुडे'चं सूत्र टाकलेलं असतं. फाइल दोन वर्षांनी उघडली तरी अहवालावर आजची तारीख येते, आणि तो कधी केला याचा माग पुसला जातो. कंट्रोल आणि अर्धविराम (;) ही बटणं एकत्र दाबली की त्या दिवशीची तारीख कायमची बसते, तीच वापरा. फोल्डरमध्ये दिसणाऱ्या 'मॉडिफाइड' तारखेवरही विसंबू नका. नुसतं उघडून पुन्हा सेव्ह केलं तरी ती बदलते.

टॅलीतून 'पुन्हा काढू' म्हणणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथं होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. अहवाल जपायची गरज नाही, हवा तेव्हा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढता येतो, असं बरेच अकाउंटंट म्हणतात. पण मे महिन्यात कुणी मार्चच्या तारखेनं हमालीचं एखादं बिल टाकलं, की त्या मार्चअखेरचा नफा बदलला. जूनमध्ये काढलेला ताळेबंद आणि एप्रिलमध्ये बँकेला दिलेला ताळेबंद मग जुळत नाहीत. कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे. शेतकरी उत्पादक कंपनीही त्यात आलीच. काय बदललं ते त्या नोंदीतून शोधता येतं, पण वेळ फार जातो. त्यापेक्षा अहवाल काढला त्याच दिवशी टॅलीचा बॅकअप, तेरीज (ट्रायल बॅलन्स), एक्सेल आणि पीडीएफ अशा चारही गोष्टी एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

तात्पुरते आणि ऑडिट झालेले आकडे एकाच रांगेत

तीन वर्षांच्या तुलनेत दोन वर्षं ऑडिट झालेली आणि तिसरं तात्पुरतं असतं. तसं चालतं, पण प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर ते लिहिलेलं हवं. सीएंनी सही केलेल्या ताळेबंदावर १८ अक्षर-अंकी यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो. तो आपल्या अहवालात उतरवून घ्या. सनदी लेखापालांच्या संस्थेच्या पोर्टलवर तो कुणालाही पडताळता येतो, त्यामुळे आकडा सही झालेल्या कागदापर्यंत नेऊन दाखवता येतो. रकमा रुपयांत आहेत की लाखांत, हेही तिथंच लिहा.

आकडा आला, कागद मागं राहिला

आकडे नुसते चिकटवले की सूत्र जातं. दुसऱ्या फाइलीला जोडून ठेवले तर ती फाइल हलवल्यावर जोडणी तुटते. मी आता प्रत्येक अहवालात 'मूळ' नावाचं एक पान ठेवतो: आकडा, कुठल्या कागदावरून, पान कितवं, त्या कागदाची तारीख, कुणी उतरवला. बाजारभाव असेल तर बाजार समिती, दिवस, आणि किमान, कमाल की सर्वसाधारण दर, हेही. 'मोंढ्यातला भाव' एवढंच लिहिलं तर सहा महिन्यांनी त्याचा काही उपयोग होत नाही.

मराठवाड्यात हे वेगळं समजावून सांगायला लागू नये. २०२३ मध्ये निजामकालीन दप्तरं उघडून मोडी आणि उर्दूतल्या कुणबी नोंदी शोधल्या जात होत्या, तेव्हा गावोगावी लोक हेच विचारत होते: नोंद कुठल्या गावची, कुठल्या दप्तरातली, कुठल्या पानावरची?

शोधूनही न सापडणारं मराठी

आपल्याकडं जुने प्रकल्प अहवाल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टांत टाइप केलेले असतात. युनिकोडमध्ये 'सोयाबीन' टाकून शोधलं तर ते कधीच सापडणार नाहीत, कारण संगणकाच्या लेखी तिथं दुसरीच अक्षरं आहेत. असे अहवाल वारंवार लागत असतील तर ते युनिकोडमध्ये करून घ्या, निदान फाइलीचं नाव तरी बदला. रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि आकडे मूळ प्रतीशी ताडून बघा, आणि मूळ प्रत ठेवाच. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तसंच. आतला मजकूर ओसीआर केल्याशिवाय, म्हणजे चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरनं ओळखून घेतल्याशिवाय, शोधता येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ताळेबंद तिथंच राहू देऊ नका. फोन बदलला की तो जाऊ शकतो. आला त्याच दिवशी फोल्डरमध्ये घ्या आणि कुणी, कधी पाठवला ते 'मूळ' पानावर लिहा. कंपन्यांना हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावीच लागतात. विश्लेषणाचे अहवालही तेवढी वर्षं त्यांच्यासोबतच ठेवा.

आधीच गोंधळ झाला असेल तर

नाव नाही, तारीख नाही, असा अहवाल हाती आला की आधी अखेरचा साठा आणि बँकेची शिल्लक हे दोन आकडे बघा. बँकेची शिल्लक खात्याच्या उताऱ्याशी लावा, त्यावरून तारीख पक्की होते. मग साठ्याच्या रकमेला क्विंटलनं भागून दर काढा आणि तो पट्ट्यांशी ताडा. शेवटी सही झालेल्या ताळेबंदाशी बेरजा जुळवा. जुळल्या तर नवं नाव द्या आणि कशावरून ओळखला ते लिहून ठेवा. नाही जुळल्या तर पहिल्या पानावर 'मूळ अस्पष्ट, वापरू नये' असं ठळक लिहून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. त्या कंपनीच्या हमीभावाच्या फाइलीवर मी आता हेच लिहिलंय, खाली दराचं कारणही लिहिलंय, आणि त्याची प्रत अध्यक्षांच्या सहीनं बँकेत दिली आहे.