अभिजात अरबीसाठी शब्दकोश: माझा प्रश्न कसा सुटला

इस्लामपूर्व कविता वाचायला घेतल्या आणि हान्स वेरचा अरबी-इंग्रजी कोश पुरेना. त्याचा दोष नाही. तो कोश मुळात आधुनिक लिखित अरबीचा. जुन्या कवितेत उंटाच्या वयाला, चालीला, रंगाला वेगवेगळे शब्द. ते तिथे कुठून मिळणार?

गाडी रुळावर आली ती एडवर्ड लेनच्या कोशामुळे. 1863 ते 1893 दरम्यान निघालेले आठ भाग, जुन्या अरबी कोशांतून वेचलेले अर्थ इंग्रजीत. स्कॅन प्रती फुकट मिळतात. मात्र लेन 1876 मध्ये वारला, तेव्हा काम 'काफ' (क़) अक्षरापर्यंत आलं होतं. पुढचं त्याच्या टिपणांवरून छापलं, त्यामुळे तिथे काही नोंदी भरगच्च तर काही अगदीच त्रोटक. अशा वेळी मी हावाचा छोटा अरबी-इंग्रजी कोश उघडतो. सुटसुटीत, पण उदाहरणं जवळजवळ नाहीत.

इब्न मन्झूरचा 'लिसान अल-अरब' हा जुना अरबी-अरबी कोश म्हणजे शेवटचं न्यायालय. त्याची मूळ रचना धातूच्या (शब्दाच्या मूळ व्यंजनांच्या, बहुधा तीन) शेवटच्या अक्षरावर आहे: क-त-ब हवा तर आधी 'ब' चं प्रकरण, मग त्यात 'क'. सुरुवातीला डोकं फिरतं. पहिल्या अक्षराप्रमाणे लावलेली दार अल-मआरिफ या प्रकाशनसंस्थेची आवृत्ती घ्या, त्रास वाचेल.

आणि धातू ओळखता येईना, तर कोणताच कोश कामाचा नाही. 'यसिलु' शोधायचा असेल तर 'य' खाली नाही, व-स-ल खाली बघायचं. असे दुबळे धातू (ज्यांतला 'व' किंवा 'य' रूपांत गळतो वा बदलतो) मी वेगळ्या वहीत उतरवून ठेवतो.