अर्थशास्त्राची पीएच.डी. कुठे अडते: या चुका वेळीच टाळा

अर्थशास्त्राची पीएच.डी. अडलेली दिसते शेवटच्या वर्षी, पण ती अडवणारे निर्णय बहुतेक वेळा पहिल्या दीड वर्षात झालेले असतात. गाइड कोण, शीर्षक काय, नमुना किती, डेटा कुठला. यातला एकही निर्णय नंतर बदलायचा म्हटलं की समितीपुढे जावं लागतं आणि त्यात महिने जातात. म्हणून हे सगळं प्रवेश घेतानाच वाचून ठेवावं. इथले नियम यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नोव्हेंबर 2022 च्या पीएच.डी. विनियमांतले आहेत. त्याआधी नोंदणी झालेल्यांना त्यांच्या वेळचे, म्हणजे 2016 चे किंवा 2009 चे नियम लागू राहतात. शिवाय प्रत्येक विद्यापीठाचं स्वतःचं परिपत्रक असतं. त्याची प्रत काढून फाइलला लावा.

मुदत चुकीच्या तारखेपासून मोजणं

पीएच.डी.ला कोर्सवर्क (सुरुवातीचा वर्गातला अभ्यासक्रम) धरून किमान 3 वर्षं आणि जास्तीत जास्त 6 वर्षं मिळतात. ही 6 वर्षं प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात. अनेक जण विषय मंजूर झाल्याच्या पत्रापासून मोजतात आणि तिथेच वर्षभराचा हिशेब चुकतो. पुनर्नोंदणी करून आणखी 2 वर्षं मिळू शकतात, म्हणजे एकूण 8. महिलांना आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी 2 वर्षांची सवलत आहे, पण एकूण काळ 10 वर्षांपुढे जात नाही. महिला संशोधकांना संपूर्ण काळात 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजाही मिळू शकते. ती लेखी अर्ज करून, मंजुरीचं पत्र घेऊनच घ्यावी. तोंडी परवानगी शेवटी कुणीही ग्राह्य धरत नाही.

गाइडची निवृत्ती न पाहता नाव टाकणं

प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहाय्यक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी असू शकतात. सेवानिवृत्तीला 3 वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. समजा गाइडच्या सेवेची साडेतीन वर्षं उरली आहेत. नियमाने तुमची नोंदणी होईल, पण प्रबंध लिहिण्याच्या ऐन काळात सर निवृत्त होतील. त्यानंतर ते सहमार्गदर्शक म्हणून राहू शकतात, मुख्य गाइड मात्र दुसरा लागतो. त्या दुसऱ्याकडे जागा आहे का आणि तुमचा विषय त्याच्या अभ्यासातला आहे का, हे पहिल्याच वर्षी विचारून ठेवा.

नोकरी करत पीएच.डी. करणाऱ्यांनी संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र नीट वाचावं. संशोधनासाठी वेळ दिला जाईल आणि कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास कामातून मोकळीक मिळेल, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. नुसतं 'हरकत नाही' लिहिलेली पत्रं परत येतात.

कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं असतं. त्यात संशोधन पद्धती आणि 'संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता' हे दोन्ही भाग हवेतच, आणि पास व्हायला किमान 55 टक्के किंवा त्याच्या समकक्ष श्रेणी लागते. संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे आरएसीपुढे, दर सत्राला सादरीकरण करायचं असतं. प्रत्येक बैठकीचं सही-शिक्क्याचं इतिवृत्त स्वतःजवळ ठेवा. प्रबंध जमा करताना एखाद्या सत्राचा अहवाल सापडत नसेल, तर तो शोधण्याचा ताण विद्यार्थ्यावरच येतो.

384 चा नमुना

आपल्याकडे 'अमुक जिल्ह्यातील तमुक योजनेचा आर्थिक अभ्यास' या धाटणीचे विषय पुष्कळ असतात. विषय म्हणून त्यांत काही वावगं नाही, चूक असते नमुन्यात. पुस्तकातला तक्ता पाहून 384 किंवा 400 लाभार्थी ठरवले जातात. 384 हा आकडा येतो तो साध्या यादृच्छिक निवडीसाठी, 95 टक्के विश्वासपातळीला 5 टक्के त्रुटी धरून, आणि तोही संपूर्ण जिल्ह्याचं एकच प्रमाण काढायचं असेल तर. प्रत्यक्षात आपण आधी गावं निवडतो आणि मग गावातली घरं. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे तेवढ्याच घरांतून माहिती कमी मिळते. हा परिणाम दीडपट ते दुप्पट धरला तर 384 चे 576 ते 768 होतात.

त्याहून मोठी गफलत पुढे आहे. जिल्ह्यात 12 तालुके असतील तर 384 मधून तालुक्याला 32 घरं येतात. 32 घरांवर काढलेल्या टक्केवारीत साध्या निवडीतसुद्धा वरखाली सुमारे 17 टक्के बिंदूंची त्रुटी असते. अशा आकड्यांवर 'या तालुक्यात लाभ जास्त, त्या तालुक्यात कमी' असं प्रकरण लिहिलं, तर बाहेरचा परीक्षक नेमकं त्यावरच बोट ठेवतो. तालुक्यांची तुलना करायचीच असेल तर तीन-चार तालुके घ्या आणि प्रत्येकात पुरेशी घरं घ्या. नाहीतर उद्दिष्टांतून तुलना काढून टाका. हा बदल सिनॉप्सिसच्या (संशोधन आराखड्याच्या) टप्प्यावर एका दुपारचं काम आहे, सर्वेक्षण झाल्यावर मात्र त्याला उपाय नाही.

सरकारी डेटा उतरवून घेतला, पण भारांक नीट लावला नाही

राष्ट्रीय नमुना पाहणीचा आणि पीएलएफएसचा (रोजगार-बेरोजगारी मोजणाऱ्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाचा) घरनिहाय डेटा सांख्यिकी मंत्रालय मोफत देतं. त्यावर उत्तम प्रबंध होऊ शकतो. 2023-24 पर्यंतच्या पीएलएफएसमध्ये भारांक, म्हणजे नमुन्यातली एक नोंद किती लोकांच्या जागी धरायची तो आकडा, काढताना एक छोटी पायरी असते. फाइलमध्ये एनएसएस, एनएससी, मल्ट आणि तिमाहींची संख्या असे रकाने असतात. एनएसएस आणि एनएससी सारखे असतील तर मल्टला 100 ने भागायचं, वेगळे असतील तर 200 ने, आणि वर्षाचा अंदाज काढायचा असेल तर पुन्हा तिमाहींच्या संख्येने. काही जण सरसकट 100 ने भागतात. मग टक्केवारी खऱ्या आकड्याच्या आसपास येते आणि म्हणूनच चूक लपून राहते. दुसरी चूक म्हणजे शहरी घरांच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या भेटीच्या नोंदी वार्षिक हिशेबात मिसळणं. नेहमीच्या कार्यस्थितीचे (वर्षभरातल्या कामावरून ठरणारे) वार्षिक आकडे फक्त पहिल्या भेटीच्या फाइलवरून काढतात.

तपासणी सोपी आहे. 2023-24 मध्ये 15 वर्षं आणि त्याहून जास्त वयाच्या लोकांचा श्रमबल सहभाग दर 60.1 टक्के आणि बेरोजगारी दर 3.2 टक्के प्रसिद्ध झाला आहे. तुमच्या स्टाटा किंवा आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या फाइलमधून हे दोन्ही आकडे जसेच्या तसे आल्याशिवाय पुढचं एकही कोष्टक काढू नका. हे जुळवलेलं कोष्टक प्रबंधाच्या परिशिष्टात द्या, परीक्षकाचा विश्वास तिथेच बसतो. जानेवारी 2025 पासून पीएलएफएसची नमुना रचनाच बदलली आहे. त्यामुळे त्यापुढचे आकडे जुन्या मालिकेला सरळ जोडून कल काढू नका.

जिल्हावार मालिका करणाऱ्यांनी सीमांकडे लक्ष द्यावं. नंदुरबार आणि वाशीम 1998 मध्ये, हिंगोली आणि गोंदिया 1999 मध्ये, पालघर 2014 मध्ये वेगळे झाले. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 35 जिल्हे होते, आज 36 आहेत. पालघर वेगळा झाल्यावर ठाण्याचं पीकक्षेत्र कोसळलेलं दिसतं आणि विद्यार्थी त्याला 'शहरीकरणाचा परिणाम' म्हणून मोकळा होतो! नवे जिल्हे जुन्या मूळ जिल्ह्यात मिसळून मालिका तयार करा आणि तसं तळटीपेत लिहा.

तीस वर्षांची मालिका आणि आठ चलं

कालश्रेणीच्या प्रबंधांत हा दोष वारंवार दिसतो. 30 वार्षिक निरीक्षणं, 8 स्पष्टीकारक चलं, प्रत्येकाचे दोन मागचे काळ, आणि एआरडीएल (चलांची मागच्या काळांतली मूल्यंही धरणारं प्रतिमान). मोजून पाहा. 8 चलांचे प्रत्येकी 3 म्हणजे 24 सहगुणक, अवलंबी चलाचे मागचे 2 आणि एक स्थिरांक, एकूण 27. दोन वर्षं मागच्या काळासाठी गेल्याने निरीक्षणं उरली 28. आर-वर्ग, म्हणजे प्रतिमान आकड्यांशी किती जुळतं ते सांगणारा आकडा, 0.99 येतो आणि त्याचा अर्थ शून्य असतो. चलं तीन-चारवर आणा, मागचे काळ माहिती-निकषाने ठरवा आणि एखादं चल दोनदा फरक काढल्यावर स्थिर होत असेल तर बाउंड्स चाचणी (एआरडीएलमधली दीर्घकालीन संबंधाची चाचणी) लावूच नका, तिथे ती वैध नाही. राष्ट्रीय उत्पन्नाची मालिका 2004-05 आणि 2011-12 या दोन पायावर्षांवरून जोडली असेल तर जोडगुणक कसा काढला तेही लिहा. जानेवारी 2015 मध्ये पायावर्षासोबत मोजण्याची पद्धतही बदलली होती, हे व्हायवात (तोंडी परीक्षेत) हमखास विचारतात.

शोधनिबंध

2022 च्या विनियमांत प्रबंधाआधी शोधनिबंधाची सक्ती नाही, पण तुमच्या विद्यापीठाची असू शकते. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली. तिचं नाव छापून चार दिवसांत 'स्वीकृती' आणि सोबत फीचं बिल पाठवणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. गोखले संस्थेचं 'अर्थविज्ञान' किंवा मुंबईहून निघणारं 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली' यांसारख्या ठिकाणी परीक्षणाला महिने लागतात. म्हणून लेख तिसऱ्या वर्षाच्या आत पाठवलेला बरा.

साम्य तपासणी

यूजीसीच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार दुसऱ्यांच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. त्यापुढे 40 टक्क्यांपर्यंत असेल तर सुधारून पुन्हा सादर करायचं, त्यासाठी जास्तीत जास्त 6 महिने. 40 ते 60 मध्ये वर्षभर सादर करता येत नाही आणि 60 च्या वर नोंदणी रद्द. अर्थशास्त्रात साम्य वाढतं ते योजनांच्या माहितीमुळे. मनरेगा किंवा पीक विम्याच्या मार्गदर्शक सूचना संकेतस्थळावरून उचलून दहा पानं भरली की आकडा फुगतो. त्या सूचना एका कोष्टकात, स्वतःच्या शब्दांत आणि स्रोतासह द्या.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पीडीएफमध्ये छान दिसतो, पण तपासणीच्या सॉफ्टवेअरला आणि शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावरच्या शोधाला तो निरर्थक अक्षरांसारखा लागतो. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाकून पाहा. देवनागरी वाचता आली नाही तर सगळा प्रबंध युनिकोडमध्ये आणावा लागेल. कोष्टकं आणि जोडाक्षरं हाताने तपासायची म्हटली की महिना सहज जातो.

जमा केल्यानंतर

प्रबंध गाइडकडे आणि त्याशिवाय किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. एका बाह्य परीक्षकाने नाकारला तर तो पर्यायी परीक्षकाकडे पाठवतात आणि त्याने स्वीकारला तरच व्हायवा होते. विद्यापीठाने हे सगळं 6 महिन्यांत पुरं करायचं असतं. दोन महिन्यांनी परीक्षा विभागात प्रबंध परीक्षकांकडे गेला का, एवढं जरूर विचारा. कधी कधी तो नुसत्या पत्त्याच्या चुकीमुळे तिथेच पडून असतो. निकालानंतर, पदवी यूजीसीच्या विनियमांनुसार दिल्याचा उल्लेख असलेलं तात्पुरतं प्रमाणपत्र मागून घ्या. प्राध्यापकपदाच्या अर्जासोबत ते लागतं.