अमेरिकी सैन्य सोडल्यावरचा बेरोजगारी भत्ता: या चुका टाळा

अमेरिकेत वाढलेली काही मराठी मुलंही आता तिथल्या सैन्यात जातात. बाहेर पडल्यावर नोकरी लागेपर्यंत हातात काय, हा प्रश्न येतो, आणि बरेच जण अर्जच करत नाहीत. "मीच सोडली ना, मग कसला भत्ता?" असं नसतं. पहिल्या कराराची मुदत पूर्ण करून सन्मानाने सेवामुक्त झालात, तर पुढचा करार न करणं हा राजीनामा धरत नाहीत. ही यूसीएक्स, म्हणजे माजी सैनिकांच्या बेरोजगारी भत्त्याची योजना, १९५८ची. पैसा केंद्राचा, कारभार राज्याचा. पगारातून काही कापलं जात नाही, म्हणून तिची आठवणही राहत नाही.

खरा घोळ होतो तो डीडी-२१४ या सेवामुक्तीच्या दाखल्यात. त्याच्या 'मेंबर-१' प्रतीवर सेवेचा शेरा, म्हणजे सन्मानाने सुटलात की नाही ते, आणि सोडण्याचं कारण नसतंच. ती जोडली की अर्ज लटकतो, 'मेंबर-४' जोडा. तळावरून निघायच्या गडबडीत डोळे झाकून सही करू नका. रकाना ४ मधला हुद्दा, १२ मधल्या तारखा, २४ मधला शेरा, २८ मधलं कारण, सगळं बोट ठेवून वाचा. हुद्दा एवढ्यासाठी, की भत्त्याचा हिशेब तुमच्या पगाराच्या स्लिपवरून होत नाही. केंद्रीय कामगार खात्याचं हुद्देवार कोष्टक असतं. ई-५ या हुद्द्याच्या जागी त्याखालचा ई-४ पडला तर रक्कम घटू शकते.

दाखल्यातच चूक असेल तर नुसतं राज्याकडे अपील करून भागत नाही. लष्कराने लिहिलेलं कारण राज्याला बदलता येत नाही. आपल्या दलाकडून दुरुस्तीचा डीडी-२१५ मिळवा आणि तो राज्याला द्या. अपिलाची मुदत मात्र तेवढ्यात उलटू देऊ नका.

पहिला अर्ज ज्या राज्यात कराल, तिथले नियम लागतात. फ्लोरिडात आठवड्याला कमाल २७५ डॉलर, कॅलिफोर्नियात ४५०. म्हणून कोणी कॅलिफोर्निया गाठायला निघू नये. तिथलं घरभाडं हा फरक कधीच गिळून टाकतं.

राखीव दलातल्यांनी सलग १८० दिवसांची सक्रिय सेवा झाली आहे का, ते तपासावं. लष्करी पेन्शन सुरू असेल तर अर्जात लिहा. लपवलंत तर जादा मिळालेला भत्ता पुढे वसूल होतो, वर दंड.

आणि निकाल लांबला तरी दर आठवड्याची हजेरी, म्हणजे काम शोधत असल्याची नोंद, चुकवू नका. निकाल तुमच्या बाजूने लागला तरी नोंद नसलेल्या आठवड्यांचे पैसे सहसा मिळत नाहीत.