नवीन राऊटर घ्यायच्या आधी या चुका टाळा

नेट अडकायला लागलं की घरात पहिलं बोलणं हेच होतंय, राऊटर जुना झालाय, नवीन घेऊया. मग कोणतरी कोल्हापुरात राजारामपुरीत जाऊन चार अँटेनावाला डबा घेऊन येतंय, दोन दिवस बरं वाटतंय आणि परत आतल्या खोलीत व्हिडिओ गोल गोल फिरत बसतोय. ओळखीच्या घरांत नेट बघायला मला बऱ्याचदा बोलवतात आणि खरं सांगतो, बऱ्याच ठिकाणी राऊटरला काहीच झालेलं नसतं. दुखणं लाईनीत, वायरीत नाहीतर जागेत असतंय. आधी ते शोधा, पैसे नंतर घाला.

वायफायवर स्पीड टेस्ट करून राऊटरला दोष देणे

ही सगळ्यात मोठी चूक. माणूस बेडरूममध्ये पलंगावर बसून मोबाईलवर टेस्ट करतो, २० दिसतात, प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, झालं, राऊटर गेला. असं नसतंय ओ. त्या २० मध्ये भिंत, मोबाईल, शेजारच्यांचं वायफाय, लाईन सगळं मिसळलेलं असतंय, त्यातलं नेमकं कुणाचं काय ते त्यावरनं कळतच नाही.

लॅपटॉपला लॅन केबल लावा, वायफाय बंद करा, घरातले बाकीचे मोबाईल दोन मिनिटं नेटवरनं काढा आणि मग टेस्ट मारा. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर कुणाचातरी घेऊन या, तेवढं कराच. वायरीवर पूर्ण स्पीड येत असेल तर लाईन चांगली आहे, भानगड वायफायची आहे. वायरीवर पण येत नसेल तर नेटवाल्याला फोन लावा, पण त्याच्या आधी ॲपमध्ये बघा महिन्याचा डेटा संपलाय का, कारण लिमिट संपली की स्पीड खाली येते हे पुष्कळ लोकांच्या लक्षातच येत नाही. आणि टेस्ट दोनदा करा, एकदा सकाळी लवकर, एकदा रात्री नऊ-दहाला. सकाळी वायरीवर ठणठणीत आणि रात्री निम्मं येत असेल तर भागातली लाईनच भरलेली आहे, तुम्ही दहा हजाराचा राऊटर लावला तरी रात्रीचं नेट तसंच राहणार.

आता एक आकडा लक्षात ठेवा, ९४-९५. प्लॅन २०० चा आहे आणि वायरीवर कितीही वेळा टेस्ट केली तरी ९४ किंवा ९५ वरच अडकतंय, तर समजायचं की मध्ये कुठंतरी १०० चं पोर्ट आहे किंवा केबल खराब आहे. गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) लॅन केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात, त्यामुळं जॅक करताना उरलेल्या चारांतली एक तार जरी नीट दाबली गेली नाही तरी लिंक आपोआप १०० वर येते, नेट चालू राहतं आणि कुणाला शंकाही येत नाही. आधी केबल बदलून बघा, शे-दोनशेचं काम आहे. केबल बदलून पण ९५ च असेल तर राऊटरचं मॉडेल नेटवर शोधून पोर्ट किती एमबीपीएसचं आहे ते बघा. तिथं १०० लिहिलं असेल तर राऊटर बदलायचं तुम्हाला खरंच कारण आहे. लॅपटॉपचं पोर्ट पण १०० चं नाही ना, तेवढी खात्री करा.

अजून एक गोंधळ, डाउनलोड करताना १२ दिसतंय म्हणून भांडायला जाऊ नका, तिथं मेगाबाईट असतंय, प्लॅनमध्ये मेगाबिट, आणि आठ बिटचा एक बाईट. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाईट, म्हणजे तुम्हाला पूर्ण मिळतंय.

लाल लाईट लागलेली असताना राऊटर बदलणे

फायबरच्या डब्यावर (नेटवाल्यानं बसवलेला, फायबरची वायर ज्यात लागते तो) एलओएस लिहिलेली लाईट लाल झाली म्हणजे फायबरमधनं येणारा उजेड तुमच्यापर्यंत पोचतच नाही, वायर कुठंतरी तुटली किंवा लई वाकलीय. इथं राऊटरचा काही संबंध नाही. पण याच्यापेक्षा फसवं प्रकरण म्हणजे लाल लाईट लागत नाही, नेट चालतंय, पण दिवसातनं सारखं तुटतंय. शिवाजी पेठेत मामींच्या घरी असंच होतं, त्यांनी नवीन राऊटरची ऑर्डर टाकायचीच बाकी होती. टीव्ही युनिट मागं ढकललेलं आणि ती बारीक पिवळी वायर युनिट आणि भिंतीच्या मध्ये दुमडून चेपलेली. फायबरमधनं उजेड जातो, काच असते ती, कडक वाकवली की उजेड बाहेर सांडतो. नेटवाल्या पोराला बोलवून उजेड किती येतोय ते मोजायचा मीटर लावायला सांगितला तर रीडिंग वजा २८ डीबीएमच्या आसपास. युनिट पुढं घेतलं, वायर मोकळी करून ताटाएवढा गोल करून टांगली, परत मीटर लावला तर वजा २१, म्हणजे उजेड वाढला. नेट तुटायचं थांबलं. घरातल्या नेहमीच्या फायबरला साधारण वजा २७ च्या खाली गेलं की डब्याला नीट वाचता येत नाही, म्हणून नेटवाला आला की "पॉवर किती येतीय?" एवढं विचाराच, त्यांच्याकडं मीटर असतोय.

आणि फायबरचं ते हिरवं किंवा निळं टोक स्वतः काढून शर्टाला पुसू नका. धुळीचा कण बसला तरी पॉवर पडते.

अडाप्टरकडं कुणी बघतच नाही

राऊटर आपोआप बंद-चालू होतोय, संध्याकाळी सगळे घरी आले की हँग होतोय, लाईट लागतात पण नेट येत नाही, यात बऱ्याचदा अडाप्टर मेलेला असतोय. जुना झाला की लोड आल्यावर व्होल्टेज पडतो. राऊटरच्या खाली लिहिलेलं असतंय १२ व्होल्ट १ अँपिअर की ९ व्होल्ट, व्होल्टेज तेवढाच पाहिजे, अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतोय, आणि पिनचा साईज व प्लस-मायनस तोच बघून घ्या. जे घरात लाईट जाते म्हणून छोटा यूपीएस लावतात त्यांनी पण हेच तपासा, आणि फायबरचा डबा वेगळा व राऊटर वेगळा असेल तर दोघांना पण बॅकअप पाहिजे, नुसता राऊटर चालू ठेवून वायफायचं चिन्ह दिसतंय पण नेट शून्य.

वळवाच्या पावसाचं वेगळं. एप्रिल-मे मध्ये कडकडाट सुरू झाला की ज्यांच्याकडं अजून खांबावरनं तांब्याची लॅन वायर घरात आलीय त्यांची पोर्टं जळतात. फायबरमधनं करंट येत नाही, पण अडाप्टरच्या बाजूनं येतो, म्हणून वीज चमकायला लागली की प्लग काढा. वायफाय दिसतंय, सेटिंग उघडतंय, फक्त नेटची वायर लावल्यावर त्या पोर्टची लाईटच लागत नाही, दुसरी केबल लावून पण नाही, तर पोर्ट गेलंय. तिथं नवीन घ्या, रिपेरीच्या मागं लागू नका.

जागा

पेठांतल्या जुन्या घरांत दगडाच्या, मातीच्या हातभर जाड भिंती असतात, आणि नवीन बांधकामात मध्ये स्लॅब. राऊटर कुठं, तर दारातनं वायर जिथनं आत आली तिथंच, टीव्हीच्या मागं, नाहीतर लोखंडी कपाटाच्या वर. लोखंड, आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी, हे सगळं सिग्नल अडवतं. घराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा, बास. वायर पुरत नसेल तर नेटवाल्याकडनं दहा मीटर वाढवून घ्या, नवीन राऊटरपेक्षा स्वस्तात पडतंय. अँटेना उभ्या ठेवा, सिग्नल अँटेनाच्या टोकातनं निघत नाही, बाजूंना पसरतो. माडीवर पाहिजे असेल तर एखादी आडवी करून बघा.

वायफायची दोन नावं दिसत असतील आणि एकाच्या शेवटी ५जी असेल तर ते मोबाईलचं ५जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झ आहे. जवळ लई फास्ट, भिंतीपलीकडं लगेच कमी. दुसरं २.४ गिगाहर्ट्झचं, ते लांब जातं पण तिथं गर्दी फार, गल्लीत घराला घर लागलेलं असलं की वीस-पंचवीस नावं दिसतात, वर ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह पण तिथंच. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. मोबाईलवर वायफाय ॲनालायझर टाका, कुठलं मोकळं आहे बघा, राऊटरच्या सेटिंगमध्ये तेच ठेवा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ करा. टीव्ही, लॅपटॉप जवळ असेल तर ५ वर टाका. स्मार्ट बल्ब वगैरे बहुतेक २.४ वरच जोडले जातात, ते तिकडंच राहू देत.

घेताना होणारी फसगत

खोक्यावर १२०० लिहिलेलं असतंय, म्हणजे २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ मिळवून वर ओढलेला आकडा. एका मोबाईलला एका वेळी एकच बँड मिळतो, २.४ नाहीतर ५, आणि तो पण कागदावरचा. याच १२०० वाल्यात कित्येकांना पोर्टं १०० चीच असतात. म्हणजे १५० किंवा २०० चा प्लॅन असेल तर वायफाय कितीही भारी असू दे, आत येणारं दारच लहान. दुकानात विचारायचं ते हे, "पोर्ट गिगाबिट आहेत का? वॅनचं पण?" (वॅन म्हणजे बाहेरनं नेटची वायर लागते ते पोर्ट.) अँटेना मोजू नका.

वायफाय ६, म्हणजे वायफायची सहावी पिढी, घ्यायचं का? २०१९ पासनं ६ ची सर्टिफाईड उपकरणं आली, ७ ची २०२४ पासनं. घरात वापरात असलेले मोबाईल-लॅपटॉप ५ पर्यंतचेच असतील तर त्यांची स्पीड त्यानं वाढत नाही, जोडणी जुन्याच पद्धतीनं होते. पण मोबाईल नवीन आहेत, टीव्ही, कॅमेरे, पोरांचे क्लास धरून पंधरा-वीस वस्तू एकदम लागतात, तर ६ घ्या, गर्दी सांभाळायला ते खरंच बरं आहे. ७ साठी ज्यादा पैसे घालायची साध्या घराला आत्ता गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. फोर-के सिनेमाला पण नेटफ्लिक्स १५ एमबीपीएसच सांगतं.

लोक अजून एक करतात, बाजारातनं राऊटर आणतात आणि घरी आल्यावर कळतंय फायबरचं टोक त्यात बसतच नाही. साध्या राऊटरला फायबर लागत नाही, नेटवाल्याचा डबा राहणारच, त्यातनं लॅन केबल काढून तुमच्या राऊटरच्या वॅनला जोडायची. मग दोन्ही डबे राऊटरचं काम करायला लागतात, गेम आणि कॅमेरे अडखळतात. नेटवाल्याला सांगून त्याचा डबा ब्रिज मोडवर (नुसतं नेट पुढं देणार, राऊटरचं काम नाही) टाकून घ्या आणि पीपीपीओईचं, म्हणजे नेटला लॉगिन करायचं, युजरनेम-पासवर्ड आधी लिहून घ्या, नाहीतर तुमचा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (नुसतं वायफाय देणार) ठेवा.

एका कोपऱ्यातच रेंज नाही म्हणून अख्खा राऊटर बदलू नका, आणि वायफाय पकडून पुढं देणारा स्वस्तातला रिपीटर पण नको, एकाच बँडवर घेणं आणि देणं दोन्ही केल्यानं स्पीड निम्म्यावर येते. तिथपर्यंत लॅन केबल ओढा आणि पलीकडं ॲक्सेस पॉइंट लावा.

तर मग बदलायचा कधी? पोर्ट १०० चं आणि प्लॅन मोठा. नुसता २.४ वाला आणि गल्लीत गर्दी. अडाप्टर बदलून, जागा बदलून पण रोज हँग. आणि ज्याच्याकडं फार कुणी बघत नाही ते, कंपनीनं अपडेट देणं बंद केलंय किंवा वायफायच्या सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२ हे जुनं कुलूप सुद्धा नाही. स्पीड चांगली असली तरी असला राऊटर ठेवू नका, घरातले बँकेचे व्यवहार त्याच्यावरनंच जातात. नवीन आणला की पहिल्याच दिवशी ॲडमिनचा पासवर्ड बदला, अपडेट मारा, तुमचे मोबाईल त्यावर चालत असतील तर डब्ल्यूपीए३ हे नवीन कुलूप लावा.

जुना चालू असेल तर तोच माडीवर ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरता येतोय. त्याचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) वेगळा करा, डीएचसीपी (बाकीच्या वस्तूंना पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि केबल वॅनला न लावता लॅनच्या पोर्टला लावा. कुणाला देणार असाल किंवा भंगारात घालणार असाल तर मागचं बारीक रिसेटचं बटण टाचणीनं दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, तुमचं नेटचं युजरनेम आणि वायफायचा पासवर्ड त्यात तसाच पडलेला असतो.