शेतजमिनीचं मृत्युपत्र: मुलांसाठी लिहिताना

स्टॅम्प पेपर आणू नका. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो आणि नोंदणीही सक्तीची नाही. तरी कचेरीबाहेर पाचशेच्या बाँडवर नोटरी करून देणारे भेटतातच. नोटरीचा शिक्का साक्षीदारांची जागा घेत नाही.

सातबारा, आठ-अ, खरेदीखतं, बँक आणि विम्याचे कागद समोर घ्या. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, म्हणून ठेवी कोणाच्या तेही मृत्युपत्रात लिहा.

खरी गोम पुढे आहे. सातबाऱ्यावर नाव एकट्याचं म्हणजे जमीन एकट्याची, हा समज सोडा. जमीन आली कशी हे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, सांगतो, म्हणून जुने फेरफार मागे मागे काढत जा. मराठवाड्यात तहसीलच्या अभिलेख कक्षात १९५४-५५ चं खासरा पत्रक (तेव्हा जमीन कोणाकडे होती याची जुनी नोंद) मिळालं तर तेही पाहा. स्वतःच्या पैशानं खरेदी केलेली जमीन कोणालाही देता येते. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मात्र फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, आणि २००५ पासून मुलगीही मुलाइतकीच हिस्सेदार आहे. आई-वडील, दोन मुलगे, एक मुलगी आणि वाटणी न झालेली दहा एकर वडिलोपार्जित जमीन असेल, तर हिशेबात पाच वाटे पडतात. म्हणजे वडिलांच्या मृत्युपत्रात जायची ती दोनच एकर. ‘दहाच्या दहा दोघा पोरांना’ असं लिहून ठेवलं की पोरीला कोर्टाची वाट आपणच दाखवली. तिला खरंच कमी द्यायचं असेल तर स्वतःच्या हिश्श्यातून काय ते ठरवा, आणि कारण एका ओळीत लिहा.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), कुळकायदा किंवा इनामाचा शेरा असेल तर लिहिण्याआधी त्या जमिनीच्या अटी वकिलाकडून तपासून घ्या. मुस्लिम कुटुंबांचा हिशेबच वेगळा: एक तृतीयांशाच्या वर द्यायचं असेल, किंवा सुन्नी कायद्यात वारसालाच द्यायचं असेल, तर मृत्यूनंतर बाकीच्या वारसांची संमती लागते.

आता वर्णन. ‘विहिरीकडचा तुकडा थोरल्याला’ हे वाक्य दोन पिढ्यांची भांडणं पुरवतं. गट नंबर, हेक्टर-आर, कोणत्या धुऱ्यापासून कोणत्या धुऱ्यापर्यंत, चारी बाजूंना कोण, हे सगळं लिहा. मग पाणी. सामाईक विहीर असेल तर कोणाची पाळी किती दिवसांची, मोटार आणि वीज कनेक्शन कोणाच्या नावावर, पाईपलाईन कोणाच्या शेतातून जाणार, बोअर आटला तर नवा कोणी घ्यायचा. मागच्या तुकड्याला बैलगाडी-ट्रॅक्टर जाईल एवढा रस्ता कुठून, किती फूट, तेही. मराठवाड्यात वाद एकराचा कमी आणि पाण्याचा, वाटेचा जास्त असतो. शेवटी ‘इथे न लिहिलेली बाकी मिळकत अमुकाला’ ही ओळ हवीच. नाहीतर विसरलेला प्लॉट पुन्हा सगळ्या वारसांत जातो.

सही दोन साक्षीदारांसमोर करा आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करावी. ज्याला काही मिळणार आहे तो किंवा त्याची बायको साक्षीदार नको. तुमच्यापेक्षा वयानं लहान माणसं घ्या, कारण वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागतं. अंगठा असेल तर ‘वाचून दाखवलं, समजलं’ असं लिहून घ्या. वय झालेलं असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरचा दाखला जोडा. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी जरूर करा. सक्ती नसली तरी खोटं ठरवणं अवघड जातं.

मूल अल्पवयीन असेल किंवा आयुष्यभर दुसऱ्यावर अवलंबून राहणार असेल, तर मृत्युपत्रातच ट्रस्ट करून विश्वस्त नेमा आणि पैसे कशाकशावर खर्चायचे ते बांधून द्या. बाकी घरांना ट्रस्टचा खटाटोप सहसा नको.

बक्षीसपत्र स्वस्त पडतं म्हणून घाई करू नका; ते केल्या दिवसापासून जमीन गेली. मृत्युपत्र जिवंत असेपर्यंत कितीदाही बदलता येतं. बदललं की नव्यात ‘आधीची सर्व रद्द’ असं लिहा.

मृत्यूनंतर मुलांनी मृत्युपत्राची प्रत घेऊन तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज करायचा. मराठवाड्यात त्यासाठी प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याची, सक्ती नाही. कोणी हरकत घेतली तर फेरफार तक्रारी होतो आणि मंडळ अधिकाऱ्यांसमोर सुनावणी लागते. मालकीचा वाद मात्र तिथे मिटत नाही, त्याला दिवाणी कोर्टच. म्हणून मूळ प्रत कुठे आहे हे निदान एका मुलाला आणि एका साक्षीदाराला माहीत असू द्या.