मृगाआधी जुन्या पिकअपची तयारी: पाणी शिरतं तिथे आधी हात घाला

बियाण्या-खतांच्या फेऱ्या, चाळीतला कांदा, जुन्नर-नारायणगाव पट्ट्यातला टोमॅटो, सगळं जूनपासून एकाच गाडीवर येऊन पडतं. ती गाडी दोन-अडीच लाख किलोमीटर चाललेली बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ असेल, तर मे अखेरचे दोन दिवस तिच्यासाठी मोकळे ठेवा. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलले की सर्व्हिसिंग झालं असं बहुतेक जण धरतात. एवढ्या जुन्या गाडीला पावसाळ्यात खरा त्रास होतो तो हब (चाकाचा मधला भाग), ऑइल सील (तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी), ब्रेक, वायरिंग आणि डिझेलमधल्या पाण्याचा. पैसा मोजकाच असेल तर तो आधी तिथे लावा. हौद्याचा रंग दिवाळीला बघता येईल.

सुरुवात खालून धुण्याने करा. चिखलाखाली गळती दिसत नाही आणि तडाही दिसत नाही. धुतल्यावर गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवा आणि रात्रभर कोऱ्या पुठ्ठ्यावर उभी करा. सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून अर्धं निदान होतं.

मग सपाट जागेवर एकेक चाक उचला. जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका, चेसिसखाली लाकडी ठोकळे द्या. चाक वर-खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर हबचं बेअरिंग सैल आहे, किंवा पुढचं चाक ज्यावर वळतं तो किंगपिन अथवा बॉल जॉइंट झिजलाय. कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा: खडखड थांबली तर दोष बेअरिंगचा, राहिली तर किंगपिन-बॉल जॉइंटचा. डावी-उजवीकडे हलवून जो खेळ लागतो तो बहुधा टाय रॉड एंडचा (स्टिअरिंगच्या दांड्याच्या सांध्याचा) असतो. हब उघडलाच तर जुनं ग्रीस रॉकेलने पूर्ण धुऊन काढा, बेअरिंग वाळवा, नवं लिथियम ग्रीस रोलरच्या आतपर्यंत दाबून भरा आणि सील नवंच टाका. पन्नास-शंभर रुपये वाचवायला जुनं सील परत ठोकलं, तर पहिल्याच ओढ्यात पाणी आत जातं.

आता सर्वांत दुर्लक्षित भाग, डिफरेन्शियलचा (मागच्या एक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याचा) ब्रीदर, म्हणजे हवा जायची वाट. मागच्या हाऊसिंगवर वरच्या बाजूला छोटी टोपी किंवा नळी असते. हाऊसिंग तापलं की आतली हवा फुगते, ती इथून बाहेर पडते. चिखलाने ब्रीदर बुजला की तो दाब ऑइल सीलवर येतो आणि तेल थेट मागच्या ब्रेकच्या लायनरवर झिरपतं. दोनदा सील बदलूनही तेल येतंच असेल, तर सीलला दोष देण्याआधी ब्रीदर बघा. याच्या उलटही होतं. तापलेलं हाऊसिंग ओढ्याच्या गार पाण्यात बुडालं की आतली हवा आक्रसते आणि बुजलेल्या ब्रीदरमुळे सीलच्या फटीतून पाणी ओढलं जातं. टोपी डिझेलने धुवा, हवा मारा, आरपार जाते का बघा. पाणी शिरलंय का हे तेल सांगतं: दुधाळ किंवा ताकासारखं दिसलं की ते बदलायलाच हवं. बदलताना आधी भरण्याचा नट सैल होतो का ते पाहा, मगच खालचा खोला. खालचा खोलून तेल सांडलं आणि वरचा गंजून अडकला, तर गाडी जागेवर बसते. तेलाची पातळी भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवी. डिफरेन्शियलला जीएल-५ दर्जाचं (गिअर ऑइलचा हा दर्जा डब्यावर लिहिलेला असतो) ८०डब्ल्यू-९० किंवा ९० नंबरचं तेल लागतं. गिअरबॉक्सला मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर तेच घाला, कारण जीएल-५ मधल्या काही रसायनांनी सिंक्रोनायझरच्या (गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या) पितळी रिंगा खराब होऊ शकतात. चुंबकी नटावर करडा लगदा दिसला तर घाबरू नका. कडक तुकडे दिसले तर मेकॅनिक गाठा.

प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागचा एक्सल फिरवणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसमध्ये, म्हणजे सांध्यात, ग्रीस भरताना चारही कपांतून जुनं, काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा. एका कपातून आलंच नाही, तर तो कप कोरडा चाललाय. गाडी निघताना ‘टक्’ असा आवाज येत असेल तर क्रॉस बदला. चालत्या गाडीत क्रॉस तुटला की लोंबणारा शाफ्ट खालचे ब्रेक पाईपही तोडू शकतो. पावसाळ्यात ग्रीसचा हिशेब किलोमीटरवर ठेवू नका. गाडी हबपर्यंत पाण्यातून गेली की त्या आठवड्यात ग्रीस झालंच पाहिजे.

पाट्यांमध्ये (सस्पेन्शनच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांमध्ये) मेन पाट्याच्या डोळ्याजवळ, म्हणजे टोकाच्या गोल भोकाजवळ, आणि सेंटर बोल्टच्या आजूबाजूला तडा शोधा. गंजाची बारीक लाल रेघ दिसली तर तार-ब्रशने घासून पुन्हा बघा. पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे टाकले असतील तर पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा कसावेच लागतात. ते सैल राहिले की सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. जादा पाटे टाकण्याची खोड आपल्याकडे जुनीच आहे. पण अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलला जोडलेला एक व्हॉल्व्ह गाडी किती दबली त्यावरून मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. पाटे वाढवले की भरलेली गाडीही दबत नाही, व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक कमी लागतो. पाटे वाढवलेच असतील तर तो व्हॉल्व्ह पुन्हा सेट करून घ्या.

ब्रेकचं ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-४ दर्जाचं ऑइल नवं असताना २३० अंश सेल्सियसच्या आत उकळू नये असं मानक आहे. सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. माळशेज किंवा कसारा घाट भरल्या गाडीने उतरताना ऑइल उकळलं की पाईपमध्ये वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदला, नुसती भर घालू नका. मागचे ड्रम उघडून व्हील सिलेंडरचे रबरी बूट उचलून बघा. आत ओल असेल तर सिलेंडर गळतोय. तेल प्यालेला लायनर धुऊन, तापवून परत बसवू नका, दोन्ही बाजूंचे बदला. घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून डिझेल वाचतं हा समज खोटा आहे. कॉमन रेल इंजिनात (डिझेलचा पुरवठा कॉम्प्युटर ठरवतो अशा) गिअरमध्ये असताना, ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर डिझेलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगचं डिझेल जळतच राहतं.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको. त्यातल्या क्षारांचा थर नळ्यांत बसतो आणि पुढे गाडी विनाकारण तापते. तयार कूलंट घ्या, नाहीतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकण्याचा सल्ला मानू नका. इंजिन कायम थंड चालतं आणि डिझेल जास्त खातं.

डिपस्टिकवर तेलाची पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला तर इंजेक्टर किंवा पंप गळतोय. तेल दुधाळ झालं तर पाणी मिसळलंय. दोन्ही वेळी गाडी चालवू नका. डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू पावसाळ्यात दर आठवड्याला सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. मुक्कामाला टाकी भरलेली ठेवा, अर्ध्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं. कॅनमधलं डिझेल ओतत असाल तर तळाचं दोन बोटं डिझेल कॅनमध्येच राहू द्या.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.४ व्होल्टपेक्षा कमी आणि इंजिन चालू असताना १३.८ पेक्षा कमी दिसलं, तर आधी टर्मिनल, बेल्ट आणि इंजिन-चेसिसची अर्थ वायर घासून-कसून बघा. नवी बॅटरी त्यानंतर.

टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत कायद्याला चालते, पण ओल्या डांबरी रस्त्यावर ३ च्या खाली गेलेल्या टायरवर माल भरू नका. टायरवरचे शेवटचे चार आकडे वय सांगतात: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) टायर पुढे कधीच नको.

खतांच्या गाडीला वेगळी काळजी लागते. पोटॅशमधलं क्लोराईड पत्रा खातं आणि सांडलेला युरिया ओल धरून ठेवतो. खत उतरवलं त्याच दिवशी हौदा, कोपरे आणि हौदा-चेसिसच्या मधली फट साध्या पाण्याने धुवा. गंज थांबवायला जळकं ऑइल फवारतात; त्याने रबरी बुश आणि होज फुगतात, ते लायनरवरही जातं. कोरड्या, घासलेल्या पत्र्यावर प्रायमर आणि अंडरबॉडी कोटिंग द्या.

पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. हवेच्या पाईपातून सिलेंडरमध्ये पाणी गेलं असेल, तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून काढा, एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर मेकॅनिक येईपर्यंत चावी फिरवू नका. गाडी सुखरूप बाहेर आली तरी पुढचे शंभर-दोनशे मीटर हलका ब्रेक दाबत चला, ड्रम वाळतात.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीची फिटनेस दरवर्षी करावी लागते. ती याच दुरुस्तीनंतर, जूनआधी उरकून घ्या. गाडीत एक डिझेल फिल्टर, फॅन बेल्ट, फ्यूज, दोन बल्ब, पाच लिटर कूलंट आणि चिखलात जॅक रुतू नये म्हणून फूटभर लांबीची जाड फळी कायम असू द्या.