संशोधन प्रश्न ठरवताना या चुका टाळा

‘महाराष्ट्रातील महिला बचत गट : एक चिकित्सक अभ्यास’. अशा शीर्षकाचे सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचे आराखडे, सर्रास दिसतात. यावरून विषय कळतो, पण शोधायचं काय ते कळत नाही. मग विद्यार्थी सापडेल ते गोळा करतो आणि लिहायला बसल्यावर प्रकरणं जुळता जुळत नाहीत. ‘चिकित्सक अभ्यास’ खोडा आणि शेवटी प्रश्नचिन्ह येईल असं वाक्य लिहा : ‘गटामार्फत बँकेचं कर्ज मिळू लागल्यावर बायका सावकाराकडे जाणं थांबवतात का?’ आता कुणाला भेटायचं, काय विचारायचं, हे आपोआप सुचू लागतं.

त्याहून घातक चूक म्हणजे प्रश्नातच उत्तर गृहीत धरणं. ‘मोबाइलमुळे मुलांचं वाचन कसं कमी झालं?’ असं विचारताना वाचन कमी झालं आणि ते मोबाइलमुळेच, हे दोन्ही आपण आधीच मान्य केलेलं असतं. पुढे प्रश्नावलीही त्याच कलाने तयार होते. उत्तर उलटं आलं तरी प्रबंध उभा राहील का, हे स्वतःला विचारा. राहणार नसेल, तर प्रश्न बदला.

प्रश्न सगळ्यांबद्दलचा आणि माहिती मात्र सहज हाती लागणाऱ्यांची, ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते. दवाखान्यात आलेल्या बायकांवरून गावातल्या स्त्रीरोगांचा अंदाज बांधता येत नाही, कारण बहुतेक जणी तिथवर पोचतच नाहीत. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी म्हणूनच वेगळा प्रश्न घेतला : तक्रार असो वा नसो, गावातल्या एकूण बायकांपैकी किती जणींना स्त्रीरोग आहेत? दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, तेव्हा ९२ टक्के जणींना काही ना काही रोग आढळला. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दवाखान्यातली रजिस्टरं कितीही चाळली असती, तरी हे आकडे हाती लागले नसते.

आवाक्याचंही भान हवं. ‘शेतकरी आत्महत्या का करतात?’ एवढा प्रश्न एका प्रबंधात मावत नाही. तालुका, पीक, काळ ठरवून घ्या.

आणि प्रश्न पक्का करण्याआधी ‘शोधगंगा’ हा भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह चाळा. तुमच्या प्रश्नावर आधीच एखादा प्रबंध झालेला दिसला, तर लगेच विषय सोडू नका. त्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात बहुधा ‘पुढील संशोधनासाठी सूचना’ असतात, त्या आधी वाचा.